फिल्टर काढल्याने गाडी खरेच पळते का?

हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्यावर दोन राष्ट्रीय महामार्ग एकत्र येतात. १६१ क्रमांकाचा महामार्ग अकोला, वाशिम, हिंगोली करत येतो आणि नांदेड-देगलूरवरून तेलंगणात उतरतो. ३६१ क्रमांकाचा नागपूर, यवतमाळ, उमरखेड, हदगाववरून येतो आणि नांदेड-लातूरमार्गे तुळजापूरला जातो. त्यामुळे लांब पल्ल्याचे ट्रक, हळदीचे कट्टे भरलेले पिकअप, उसाच्या जोडट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकली असे सगळ्या जातीचे इंजिन या एका फाट्यावर धापा टाकताना दिसते. अशा रस्त्यांवरच्या गॅरेजांत एक सल्ला पिढ्यान्पिढ्या दिला जातो: इंजिनाला हवा कमी पडतेय, तिला मोकळी वाट करून द्या. मग कुणी एअर फिल्टरची जाळी काढून टाकतो, कुणी फिल्टरच्या डब्याला ड्रिलने भोके पाडतो, कुणी डबाच काढून कार्बोरेटरच्या तोंडावर बाजारातला शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवतो, तर कुणी पीव्हीसी पाइप आणि एल्बो जोडून हवेचे तोंड थेट बंपरपाशी आणतो. या घरगुती फेरफारांनी गाडीची ताकद, पिकअप आणि अ‍ॅव्हरेज सुधारते का, हा प्रश्न मोजमापाचा आहे आणि त्याचे उत्तर मोजमापांनीच दिले पाहिजे. उपलब्ध मोजमापे एकाच दिशेला जातात. ताकदीतला फायदा असलाच तर एक-दोन टक्क्यांचा असतो आणि तोही अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळल्यावरच मिळतो. त्याची किंमत मात्र धुळीच्या रूपाने इंजिन चुकवते. मराठवाड्यात ही किंमत फार मोठी आहे.

सल्ल्याच्या मुळाशी असलेले तत्त्व खोटे नाही. इंजिन हवेवरच चालते. पेट्रोल पूर्ण जळायला एक किलो पेट्रोलमागे सुमारे १४.७ किलो हवा लागते, म्हणून सिलिंडरमध्ये जितकी हवा मावेल तितकेच पेट्रोल कामी येते. आपल्याकडे घरोघरी असलेल्या स्प्लेंडरचे उदाहरण घेऊ. तिचे इंजिन ९७.२ सीसीचे, आणि कमाल ताकद ८,००० फेऱ्यांवर. चार स्ट्रोकच्या इंजिनात दर दोन फेऱ्यांना एकदा हवा आत घेतली जाते, म्हणजे मिनिटाला ४,००० वेळा. सिलिंडर प्रत्येक वेळी पूर्ण भरत नाही हे धरले तर मिनिटाला साधारण ३०० लिटर हवा आत जाते. एवढी हवा कागदाच्या किंवा फोमच्या फिल्टरमधून ओढताना दाब थोडा पडतोच. पण तो किती पडतो, तिथे खरी मेख आहे. स्वच्छ फिल्टर आणि त्याचा डबा मिळून पूर्ण प्रवाहाला जी अडवणूक करतात ती साधारण एक ते दोन किलोपास्कलच्या घरात असते. वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला १०१ किलोपास्कल. म्हणजे फिल्टर पूर्णपणे काढून फेकला, तरी जास्तीत जास्त मिळणारा दाब एक-दोन टक्क्यांचा. स्प्लेंडरची ताकद सुमारे आठ अश्वशक्ती, तिचे दोन टक्के म्हणजे अश्वशक्तीचा सहावा हिस्सा. मागे बसणाऱ्याचे वजन दहा किलोने कमी-जास्त झाले तर गाडीला याहून जास्त फरक पडतो. उंचीशीही तुलना करता येईल. हिंगोली जिल्हा समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंचावर आहे आणि केवळ त्यामुळे इथल्या हवेचा दाब मुंबईपेक्षा पाचेक टक्क्यांनी कमी आहे. मुंबईहून गावी आलेल्या गाडीचा इतका तोटा चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. मग त्याच्या निम्म्याहून कमी असलेला फिल्टरचा फायदा सीटवर बसून जाणवला, हे म्हणणे टिकत नाही.

हे झाले पूर्ण पिळलेल्या अ‍ॅक्सिलरेटरचे. रोजच्या चालवण्यात तर चित्र आणखी वेगळे असते. पेट्रोल गाडीत वेग कमी ठेवायचा म्हणजे थ्रॉटलची पाकळी अर्धवट बंद ठेवायची. ताशी ५०-६० च्या वेगाने सपाट रस्त्यावर जाताना ही पाकळी हवेला इतकी अडवते की तिच्या पलीकडे, इंजिनाच्या बाजूला, दाब वातावरणाच्या अर्ध्याच्या आसपास उतरलेला असतो. ठिबकच्या पाइपाचा पुढचा कॉक अर्धा बंद ठेवून मागची गाळणी काढून टाकली, तर शेवटच्या नळीत पाणी वाढत नाही, इथेही तसेच. चालकाला हवी तेवढीच ताकद त्याने पाकळीने ठरवलेली असते. फिल्टरची अडवणूक एक किलोपास्कलने कमी झाली की चालकाचा हात नकळत तेवढाच कमी पिळतो आणि हिशेब पुन्हा तिथेच येतो. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये हीच गोष्ट उलट बाजूने तपासली. इंधन इंजेक्शन असलेल्या पेट्रोल मोटारींचे फिल्टर त्यांनी मुद्दाम चोंदवले आणि मग इंधनाचा खप मोजला. निष्कर्ष असा निघाला की चोंदलेल्या फिल्टरनेही अशा गाड्यांच्या अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडत नाही. पूर्ण जोर लावून वेग घेण्याचा वेळ मात्र नवा फिल्टर बसवल्यावर ६ ते ११ टक्क्यांनी सुधारतो. पुढे जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांवरही प्रयोग झाले. तिथे चोंदलेला फिल्टर बदलल्यावर अ‍ॅव्हरेज साधारण २ ते ६ टक्क्यांनी सुधारले, कारण कार्बोरेटरला हवा कमी पडली तरी तो पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही आणि मिश्रण घट्ट होते.

या प्रयोगांत आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. फिल्टर काढल्यावर गाडी हलकी झाली, ओढायला लागली, असे सांगणारा माणूस बहुतेक वेळा खोटे बोलत नसतो. त्याला फरक जाणवलेला असतो. पण तो ज्या स्थितीशी तुलना करतो ती स्थिती चोकप झालेल्या फिल्टरची असते. उन्हाळाभर कच्च्या रस्त्यावर फिरलेल्या, वर्ष-दीड वर्ष न उघडलेल्या डब्यातला कागद काळा-तपकिरी होऊन त्याच्या घड्या मातीने बुजलेल्या असतात. तो काढून टाकला की फरक पडणारच. तोच फरक नवा कंपनीचा फिल्टर टाकूनही पडला असता, आणि दुचाकीचा नवा फिल्टर ही काही महाग वस्तू नाही. खरी तुलना नव्या मूळ फिल्टरची आणि फेरफाराची व्हायला हवी. ती क्वचितच कुणी करतो. त्यातच गॅरेजमध्ये डबा उघडला की मेकॅनिक सोबत प्लग साफ करतो, टॅपेट पाहतो, चेन ताणतो, चाकात हवा भरतो. संध्याकाळी गाडी पळते आणि सगळे श्रेय फिल्टरला मिळते. आवाजाचाही वाटा मोठा आहे. फिल्टरचा डबा इंजिनाच्या श्वासाचा आवाज दाबण्यासाठीही बनवलेला असतो. डबा काढला की अ‍ॅक्सिलरेटर पिळताच घोगरा, दमदार आवाज येतो, आणि नेमका वेग घेण्याच्या क्षणीच येतो. मोठा आवाज आणि वाढता वेग एकत्र आले की शरीराला जोर वाढल्यासारखा वाटतो. स्टॉपवॉच हातात असेल तर हा भास टिकत नाही.

कार्बोरेटरच्या गाड्यांत मात्र गोष्ट थोडी गुंतागुंतीची आहे आणि या समजुतीचा जन्मही तिथेच झाला आहे. यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ पासून १९९६ पर्यंत बनली. ९८ सीसीच्या त्या टू-स्ट्रोक इंजिनाची ११ अश्वशक्ती त्या काळात डोळे दिपवणारी होती. तिच्या एअरबॉक्सला भोके पाडण्याची कला गावोगावच्या गॅरेजांनी आत्मसात केली. जे जाणते मेकॅनिक होते ते भोके पाडल्यावर कार्बोरेटरचा मेन जेट मोठा करत, प्लगचा रंग पाहत, सुईची खाच बदलत. सोबत सायलेन्सर आणि पोर्टचेही काम करत. सगळे एकत्र जुळवल्यावर वरच्या फेऱ्यांवर ताकद वाढे, हे मान्य केले पाहिजे. पुढे मात्र त्या साऱ्या कामातली फक्त भोके लोकांच्या लक्षात राहिली. जेट न बदलता हवा वाढवली की मिश्रण पातळ होते. थोडेसे पातळ मिश्रण सुरुवातीला चपळ वाटते आणि अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरवर अ‍ॅव्हरेजही थोडे वाढवू शकते, म्हणून मालक खूश होतो. पण पूर्ण जोरावर तेच पातळ मिश्रण तापमान वाढवते, प्लग पांढराफटक पडतो, इंजिन ठोकायला लागते. टू-स्ट्रोकमध्ये तर पेट्रोलसोबतच तेल येत असल्याने पेट्रोल कमी म्हणजे वंगणही कमी, आणि भर उन्हात पिस्टन जाम होण्याची वेळ येते.

एअरबॉक्स ही निरुपयोगी अडगळ आहे, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. एका सिलिंडरचे इंजिन सलग हवा ओढत नाही, घोट घेते. ८,००० फेऱ्यांवर हवा घेण्याचा एक स्ट्रोक पूर्ण व्हायला सेकंदाचे जेमतेम चार हजारांश भाग लागतात आणि मग पुढचे तीन स्ट्रोक ओढ नसते. म्हणजे सरासरी मिनिटाला ३०० लिटर असली, तरी घोटाच्या क्षणी प्रवाह १,२०० लिटरच्या गतीने चालतो. इंजिनाच्या कित्येक पट आकारमानाचा डबा हा घोट आपल्या साठ्यातून पुरवतो आणि फिल्टरमधून हवा सावकाश, सलग येत राहते. डबा काढून कार्बोरेटरच्या तोंडावर मुठीएवढा शंकू बसवला की त्या छोट्या जाळीला तो चौपट घोट थेट झेलावा लागतो. शिवाय डब्याच्या आणि नळीच्या लांबीतून हवेच्या लाटा परतून येतात आणि ठरावीक फेऱ्यांवर सिलिंडर जास्त भरायला मदत करतात. कंपनीचे अभियंते ही लांबी मधल्या फेऱ्यांसाठी जुळवतात, कारण दुधाच्या दोन किटल्या आणि मागे एक माणूस घेऊन चढ चढणारी गाडी तिथेच चालते. डबा काढणाऱ्याला कदाचित अगदी वरच्या फेऱ्यांवर किंचित मिळत असेल, पण खालचा ओढा कमी होतो. गाडी वर पळते पण खाली दम लागतो, ही डबा काढलेल्या गाड्यांबद्दलची नेहमीची तक्रार इथून येते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले आणि बहुतेक दुचाकींतही कार्बोरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. इथे घरगुती फेरफाराला वाव आणखी कमी आहे. दाबाचा आणि तापमानाचा सेन्सर पाहून संगणक पेट्रोल ठरवतो आणि सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर त्याची चूक सुधारत राहतो. साध्या चालवण्यात संगणक मिश्रण पुन्हा मूळ जागी आणून ठेवतो, म्हणजे फेरफाराचा परिणाम पुसला जातो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर तो मूळ डब्यासाठी आखलेल्या तक्त्यावर चालतो आणि डबाच बदलला असेल तर तो तक्ता चुकतो. ज्या मोटारींत हवेचे वजन मोजणारा तापलेल्या तारेचा सेन्सर असतो, तिथे जाड व्यासाचा पाइप लावला की सेन्सरला हवा खरीपेक्षा कमी दिसते. तेल लावलेल्या कापडी फिल्टरमधून उडालेला तेलाचा थर त्या तारेवर बसला तर मोजणी आणखी बिघडते. मग इंजिनाचा पिवळा दिवा लागतो आणि तो घालवण्यासाठी नांदेडच्या वर्कशॉपची फेरी करावी लागते.

हवेचे तोंड बंपरपाशी आणणाऱ्या थंड हवेच्या पाइपामागचा तर्क या साऱ्या फेरफारांत सर्वांत सशक्त आहे. मे महिन्यात इथे सावलीत ४२ अंश असताना बॉनेटखाली ६५ अंश सहज होतात. त्या हवेची घनता बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्क्यांनी कमी असते. ताकद मात्र तितक्या प्रमाणात घटत नाही; इंजिन चाचणीच्या मान्य सूत्रांत पेट्रोल इंजिनासाठी तापमानाचे वर्गमूळ धरतात, म्हणजे तोटा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हा तोटा भरून काढणे योग्यच. पण जवळजवळ प्रत्येक आधुनिक मोटारीत कंपनीने हवेचे तोंड रेडिएटरच्या वर, पुढच्या जाळीमागे, आधीच बाहेरच्या हवेकडे ठेवलेले असते. डबा काढून बॉनेटखाली उघडा शंकू बसवणारा माणूस थंड हवेची सोय मोडून गरम हवा ओढू लागतो. वेगाने येणारा वारा पाइपात कोंबला जाऊन ताकद वाढते, ही समजूत तर आकड्यांपुढे उभीच राहत नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाला वाऱ्याचा पूर्ण दाब ०.४ किलोपास्कलच्या आसपास भरतो, ताशी ६० ला ०.१५. म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

पाइपात बसवायच्या भोवऱ्याच्या पात्यांबद्दल आणि विजेच्या पंख्यांबद्दल फार लिहावे असे काही नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून अधिक साधने तपासली आणि अ‍ॅव्हरेज लक्षणीयरीत्या वाढवणारे एकही सापडले नाही. पंख्याचा हिशेब तर कागदावरच होतो. १,२०० सीसीचे इंजिन ५,००० फेऱ्यांवर सेकंदाला ५० लिटर हवा घेते. तिचा दाब टर्बोसारखा ०.३ बारने वाढवायचा तर काहीही वाया न जाता दीड किलोवॅट वीज लागेल, प्रत्यक्षात त्याहून बरीच जास्त. बाजारात मिळणारा बारा व्होल्टचा छोटा पंखा पाच-दहा वॅटचा असतो. इंजिनाने जोरात हवा ओढली की तो मदत करण्याऐवजी वाटेतला अडथळा बनतो.

डिझेलचे गणित निराळे आहे आणि वारंगा परिसरात तेच अधिक महत्त्वाचे, कारण इथली शेती डिझेलवर चालते. साध्या डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी थ्रॉटलची पाकळी नसते. हवा प्रत्येक वेळी पूर्ण येते आणि ताकद ठरते ती पंप किती डिझेल मारतो यावर. फिल्टर स्वच्छ असेल तर हवा गरजेपेक्षा जास्तच असते. त्यामुळे फिल्टर काढून हवा आणखी वाढवली तरी डिझेल तेवढेच पडते आणि ताकद वाढत नाही. उसाच्या जोडट्रॉलीसाठी पंप वाढवून घेतलेल्या ट्रॅक्टरचे उदाहरण विरोधात दिले जाते. तिथे ताकद वाढते ती जादा डिझेलमुळे, आणि हवा अपुरी पडू लागली की काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे न जळलेले, पैसे मोजून घेतलेले डिझेल. चोंदलेला फिल्टरही असाच काळा धूर काढायला लावतो, म्हणून धूर दिसला की आधी फिल्टर पाहावा हा मेकॅनिकांचा सल्ला रास्त आहे. चूक होते ती त्याच्या पुढच्या पावलात, फिल्टर साफ करण्याऐवजी काढून टाकण्यात.

आता धुळीकडे येऊ, कारण या प्रश्नाचा खरा निकाल तिथे लागतो. काळ्या मातीचा चिकण भाग इतका बारीक असतो की त्याचे कण दोन मायक्रॉनच्या आतले. त्यात रस्त्याच्या कामाची खडीची भुकटी, मुरूम आणि रेती मिसळते. इंजिनात पिस्टनची रिंग आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो त्याची जाडी काही मायक्रॉनच असते. साधारण त्याच मापाचे किंवा थोडे मोठे, वीसेक मायक्रॉनपर्यंतचे कण त्या फटीत शिरून दोन्ही पृष्ठभाग घासतात. डोळ्यांना दिसणारा खडा फिल्टरच्या आधीच पडून जातो. इंजिन मारते ती न दिसणारी धूळ. सोयाबीनच्या मळणीच्या वेळी किंवा रब्बीआधी कोरड्या रानात रोटाव्हेटर फिरताना ट्रॅक्टरभोवती किती धूळ असते हे इथल्या कुणाला सांगायला नको. समजा अशा हवेत घनमीटरमागे अर्धा ग्रॅम धूळ आहे. तीन लिटरचे इंजिन २,००० फेऱ्यांवर तासाला सुमारे १५० घनमीटर हवा घेते, आठ तासांच्या दिवसात १,२०० घनमीटर. म्हणजे दिवसाला ६०० ग्रॅम धूळ फिल्टरच्या दाराशी येते. चांगला कोरडा कागदी फिल्टर ९९.९ टक्के अडवत असेल तर आत जाते ०.६ ग्रॅम. ९७ टक्के अडवणारा फिल्टर असेल तर १८ ग्रॅम, म्हणजे तीसपट. आणि फिल्टरच नसेल तर सहाशेच्या सहाशे ग्रॅम. ९७ आणि ९९.९ हे आकडे कानाला जवळचे वाटतात, पण सिलिंडरला त्यांतला फरक तीसपट झिजेचा असतो. मोकळा श्वास देणारे म्हणून विकले जाणारे फिल्टर नेमके इथेच मार खातात. अमेरिकेत ड्युरामॅक्स डिझेल इंजिनासाठीचे वेगवेगळे फिल्टर आयएसओ ५०११ या मान्य पद्धतीने तपासले गेले, तेव्हा मूळ कागदी फिल्टरने ९९.९ टक्क्यांहून अधिक धूळ अडवली आणि तेल लावलेल्या कापडी फिल्टरने ९७ टक्क्यांच्या आत. अडवणूक कमी आणि गाळण पक्की हे दोन्ही एकाच आकाराच्या फिल्टरकडून मिळत नाही. दोन्ही हवे असेल तर कागदाचे क्षेत्रफळ वाढवावे लागते, म्हणून कंपनीचा फिल्टर घड्या घालून एवढा मोठा केलेला असतो.

झिजेची लक्षणे उशिरा दिसतात, आणि त्यामुळेच दोष फिल्टरवर येत नाही. आधी ब्रीदरमधून धूर वाढतो, मग तेल कमी होऊ लागते, सकाळी स्टार्टर जास्त वेळ मारावा लागतो, आणि एखाद्या हंगामानंतर मेकॅनिक बोअर करायला सांगतो. तोवर जाळी काढल्याची गोष्ट मालक विसरलेला असतो. कंपनीचे इंजिनच कच्चे, असा निकाल लागतो. ज्याला शंका असेल त्याने एक साधी तपासणी करावी. फिल्टरच्या पुढची, म्हणजे इंजिनाच्या बाजूची रबरी नळी क्लॅम्प सैल करून काढावी आणि पांढऱ्या कोरड्या फडक्याने तिची आतली भिंत पुसावी. फडके स्वच्छ निघाले तर गाळण ठीक आहे. त्यावर तपकिरी पट्टा उमटला, बोटांना पिठासारखे काही लागले, तर ती धूळ इंजिनात जात आहे. बऱ्याचदा दोष फिल्टरचा नसतोच. नळीला चीर गेलेली असते, क्लॅम्प ढिला असतो, किंवा कॉम्प्रेसरची हवा उलट-सुलट जोरात मारून कागदाला बारीक भोक पडलेले असते. तेलाच्या टबाचा एअर क्लीनर असलेल्या ट्रॅक्टरांत टबात तेल जास्त भरण्याचीही सवय आहे. जादा तेल हवेबरोबर ओढले जाते आणि इंजिन त्याच तेलावर बेफाम पळू शकते. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टर तपासताना एअर क्लीनरमधले तेल असे ओढले जाते का, याची वेगळी चाचणी असते ती उगाच नाही.

या सगळ्यावर एक आक्षेप नेहमी येतो: प्रदूषणाच्या आणि आवाजाच्या नियमांसाठी कंपनीच इंजिनाचा गळा आवळते, आपण तो मोकळा करतो. आवाजाबाबत यात तथ्य आहे. डब्याचा आकार, त्याचे अरुंद तोंड यांत आवाजाच्या मर्यादेचा वाटा असतो. पण दुसरी बाजूही पाहावी. आपल्या देशात गाडी अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावर विकली जाते आणि एका लिटरमागे एक किलोमीटर जास्त दाखवण्यासाठी कंपन्या टायरची रबर, बेअरिंगची ग्रीस आणि पिस्टनच्या रिंगांची जाडी बदलतात. डब्याला चार भोके पाडून पाच-दहा टक्के मिळत असते, तर ते फुकटचे टक्के त्यांनी सोडले नसते. दुसरा आक्षेप शर्यतीच्या गाड्यांचा. त्यांत मोठे, मोकळे इनटेक असतात आणि त्यांचा उपयोगही होतो. पण तिथे कॅम, पोर्ट, एक्झॉस्ट आणि इंधनाचा तक्ता सगळे त्यानुसार जुळवलेले असते, प्रत्येक बदल डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, मोजला जातो, आणि इंजिन काही शर्यतींनंतर उघडले जाईल हे गृहीत असते. पाच लाखांचे कर्ज काढून घेतलेला ट्रॅक्टर दहा-पंधरा वर्षे चालला पाहिजे. दोघांची गरजच वेगळी आहे, मग उपाय एक कसा असेल?

पाण्याचा धोकाही इथे सांगितला पाहिजे. कयाधू आणि पैनगंगेच्या खोऱ्यातले ओढे पावसाळ्यात पुलावरून वाहतात. कंपनीने हवेचे तोंड उंच ठेवलेले असते ते काही अंशी यासाठीच. ते पीव्हीसी पाइपाने बंपरपाशी आणले की गुडघाभर पाण्यातही इंजिन पाणी ओढू शकते. पाणी दाबले जात नाही, म्हणून पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर बसते. कायद्याची बाजूही थोडक्यात अशी: मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ ने कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करायला मनाई केली आहे, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीला दुजोरा दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मान्यता नसलेल्या बदलांसाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. वॉरंटीतल्या गाडीचा दावा अशा बदलामुळे नाकारला जाऊ शकतो, हे वेगळेच.

मग घरगुती हातांनी करण्यासारखे काहीच नाही का? आहे, आणि ते करणाऱ्या कारागिरांचे कौतुकच केले पाहिजे. ट्रॅक्टरच्या हवेचे तोंड पक्क्या नळीने आणखी उंच, धुळीच्या लोटाच्या वर नेणे, त्यावर भोवऱ्याने जड धूळ बाजूला टाकणारा प्री-क्लीनर बसवणे, चिरलेल्या नळीच्या जागी चांगली नळी आणि दोन्ही टोकांना पक्के क्लॅम्प लावणे, बॉनेटखाली सुटलेला थंड हवेचा मूळ पाइप पुन्हा जागेवर बसवणे, मळणीच्या दिवसांत टबाचे तेल गढूळ होताच खुणेपर्यंतच नवे भरणे. यांतल्या एकानेही ताकद वाढणार नाही, पण फिल्टर उशिरा चोंदेल आणि असलेली ताकद टिकेल. आणि एवढे वाचूनही ज्यांना आपल्या फेरफारावर विश्वास आहे, त्यांनी तो जरूर तपासावा, मात्र रीतसर. आधी नवा मूळ फिल्टर टाका. टाकी काठोकाठ भरून त्याच रस्त्याने, त्याच वजनाने, निदान तीन टाक्यांचे अ‍ॅव्हरेज काढा. ट्रॅक्टर असेल तर एकाच रानात एकाच खोलीवर एकरी डिझेल मोजा. मग फेरफार करून तेच मोजा, आणि मग पुन्हा मूळ फिल्टर लावून तिसऱ्यांदा मोजा. पहिली आणि तिसरी मोजणी एकसारखी येऊन मधलीच वेगळी आली, तरच फरक खरा धरा. गॅरेज चालवणाऱ्या मित्रांना विनंती एवढीच, की गिऱ्हाइकाने जाळी काढायला सांगितली तर आधी त्याला फडके पुसून नळी दाखवा आणि नव्या फिल्टरवर आठवडाभर गाडी चालवायला सांगा.